पाळीव सशांचीं दुखणीं: ओळख व तातडीचे उपाय

मुलांच्या हौसेखातर किंवा लहानसा जोडधंदा म्हणून शेतकरी कुटुंबांत ससे पाळण्यांत येतात. हे पाळीव ससे मूळचे युरोपांतील जातीचे होत. आपल्या शेतांत दिसणारा रानससा निराळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास धरण्याची व पाळण्याची मनाई आहे. सबब पुढील विवेचन केवळ पाळीव सशासंबंधीं समजावें.

“काल चांगला होता, सकाळीं मेलेला सांपडला,” असें सशाविषयीं पुष्कळदां ऐकूं येतें. वास्तविक दुखणें बहुधा आधींच लागलेलें असतें. तें आपल्या ध्यानांत येत नाहीं इतकेंच. बैल आजारी पडला कीं रवंथ थांबवितो, कण्हतो, त्याचे कान पडतात, आणि जाणता शेतकरी तें तेव्हांच ओळखतो. ससा हा हिंस्र पशूंचें भक्ष्य असल्यामुळें दुखणें लपविणें हा त्याचा स्वभावच आहे. तो कोपऱ्यांत निमूट बसतो व आपण त्यास शांत समजतों. म्हणून त्याच्या चाऱ्याकडे व लेंड्यांकडे रोज दोन वेळां पाहण्याची संवय ठेवावी.

पचनाची रीत.— ससा रवंथ करीत नाहीं. त्याच्या मोठ्या आंतड्याच्या आरंभीं एक मोठी पिशवी असते. तींत चारा आंबून मऊ, चिकट लेंड्या तयार होतात व त्या तो स्वतःच पुन्हां खातो. हा रोग नव्हे. त्यांतून त्यास जीवनसत्त्वें मिळतात. दुसऱ्या, कोरड्या व वाटोळ्या लेंड्या तो टाकून देतो. हें चक्र चालण्यास पोटांत तंतुमय चारा सतत गेला पाहिजे. खाणें थांबलें कीं आंतडें मंदावतें, वायु धरतो, पोट दुखूं लागतें, आणि त्या दुःखानें तो मुळींच खाईनासा होतो. त्यास वांतीहि होऊं शकत नाहीं. सबब बारा तास न खाल्लेला ससा अत्यवस्थ समजावा व सकाळची वाट पाहूं नये.

लक्षणें.— लेंड्या बारीक होणें अथवा बंद होणें, पाठ कुबडी करून बसणें, दांत करकरां खाणें, ही पोटदुखीचीं चिन्हें होत. दांत आयुष्यभर वाढत असल्यामुळें कोरडा चारा कमी पडल्यास ते वाढून तोंडांत रुततात. मग लाळ गळते व हनुवटी ओली राहते. शिंका, वाहतें नाक व पुढच्या पायांची चिकट लव हें छातीच्या विकाराचें चिन्ह आहे. मान एका बाजूस कलणें हें कानाच्या आंतील भागाच्या अथवा मेंदूच्या विकाराचें लक्षण होय. कानांत खपल्या दिसल्यास खरूज समजावी. दूध तुटलेल्या पिल्लांचें पोट फुगून हगवण लागल्यास कॉक्सिडिया या सूक्ष्म जंतूंचा संशय धरावा. अशा पिल्लांस निराळें ठेवून पिंजरा कोरडा व स्वच्छ राखावा. पार्श्वभाग घाण राहिल्यास माशी बसून किडे पडतात. पावसाळ्यांत तो रोज तपासावा.

तातडीचे उपाय.— निरोगी सशाच्या अंगाची उष्णता १०१ ते १०४ अंश फॅरेनहाइट असते. कान व अंग गार लागल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी. पाणी व ताजें गवत पुढें करावें. पोट ताठ व फुगलेलें असल्यास बळेंच भरवूं नये. १९६२ या क्रमांकावर विचारून अथवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्यास सत्वर न्यावें; जातांना त्याच्या लेंड्या सोबत घ्याव्या.

उन्हाळा.— घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगांव या भागांत वैशाखांत पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातो. सशास घाम येत नाहीं. तो मुख्यतः कानांवाटे उष्णता टाकतो. त्यामुळें पत्र्याच्या छपराखालीं तो उष्माघातानें मरतो. छपरावर कडब्याचा जाड थर घालावा व पिंजऱ्याभोंवतीं ओलें गोणपाट लावावें. ससा धापा टाकूं लागल्यास त्याचे कान साध्या पाण्यानें भिजवावे. बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये.

औषध व चारा.— माणसांकरितां अथवा गुरांकरितां आणलेलें औषध अंदाजानें देऊं नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन यांसारखीं औषधें तोंडावाटे दिल्यास आंतड्यांतील उपयुक्त जंतु नष्ट होऊन ससा दगावतो. पिसवांकरितां कुत्र्यास लावण्याचें फिप्रोनिलहि सशास विषारी आहे. कपाशी व सोयाबीनवर फवारणी झाल्यावर त्या बांधाचें गवत कापून घालूं नये. आहाराचा मुख्य भाग वाळलेलें गवत असावा; हरळी उत्तम. धान्य, गूळ व बिस्किटें लाडानें घालणें हें पोटाच्या विकाराचें मोठें कारण आहे.

खरूज व गजकर्ण माणसांसहि लागतात. म्हणून आजारी सशास हाताळल्यावर मुलांनीं साबणानें हात धुवावे. चांगला जपलेला ससा आठ-दहा वर्षें जगतो. त्याचा चारा व लेंड्या पाहण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें. मात्र त्यानें “ससा आज खात नाहीं” असें सांगितल्यास वडील माणसांनीं तें हंसण्यावारी न नेतां त्याच घटकेस उठावें.