बुद्ध खरोखर होऊन गेला काय?

एकोणिसाव्या शतकात सेनार व केर्न या युरोपीय पंडितांनी बुद्धचरित्रात सूर्याचे रूपक पाहिले. मग बुद्ध नावाचा माणूस होता तरी काय, अशी शंका उठली.

१८९६ साली नेपाळच्या तराईत अशोकाचा स्तंभलेख सापडला. अभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः तेथे आला. शाक्यमुनी येथे जन्मला म्हणून त्याने लुंबिनी गावाचा एक कर माफ केला व पिकातील राजभाग आठव्या हिश्शावर आणला, असे त्यात कोरले आहे.

पण राजे देवांनाही इनामे देतात; शिवाय अशोक झाला बुद्धानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेव्हा एवढ्या साक्षीवर निकाल देता येत नाही. दुसरी साक्ष पाली ग्रंथांची. त्यांत चमत्कार आहेत. पण म्हातारा, पाठदुखीने बेजार झालेला, चुंद लोहाराकडे जेवून आजारी पडलेला बुद्धही आहे. निव्वळ गौरवासाठी रचलेल्या कथेत असले तपशील कोण घालील?

तात्पर्य, बुद्ध होऊन गेला असे मानण्यास भक्कम आधार आहे, चमत्कारांना नाही. यात त्याचे मोठेपण उणावत नाही. देवाला हात जोडून मोकळे होता येते. माणसाने जे साधले ते आपल्यालाही करून पाहावे लागते.