शिकारी कुत्र्याचा तळवा: जखम भरली म्हणजे पाय तयार झाला असं नाही

आजचा विषय आहे कुत्र्याचे तळवे. त्यातही कारवानी, मुधोळ, पश्मी, राजापालयम, चिप्पीपराई, रामपूर हाउंड अशा पळणाऱ्या, मूळच्या शिकारी कुत्र्यांचे तळवे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तंजावर, कुठूनही ऐकत-वाचत असाल तरी विषय तुमच्या अंगणातलाच आहे. कारण ही कुत्री आता सगळीकडे पाळली जातात, आणि त्यांच्या पायांची हेळसांडही सगळीकडे सारखीच होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद झाली. सशामागे कुत्रं सोडणं हाही गुन्हाच आहे. पण कायदा बदलला म्हणून कुत्र्याचं रक्त बदलत नाही. मुधोळ कुत्र्याला टपाल खात्यानं २००५ साली तिकिटावर जागा दिली, २०१६ साली या जातीची पिल्लं मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, आणि खेड्यापाड्यांत ती आजही शेताची, मेंढरांची राखण करतात. काम बदललं, पळणं तेच आहे. आणि पळणाऱ्याचं सगळं भांडवल त्याच्या पायाखाली असतं.

मी पायदळातला माणूस. लांबच्या मार्चनंतर आमच्याकडे पहिलं काम असे ते जवानांचे पाय तपासण्याचं. जेवण नंतर, पाय आधी. कितीही धडधाकट जवान असो, टाचेला फोड आला की तो पलटणीवर ओझं होतो. श्वानपथकातले जवानही गस्तीवरून परतले की आधी कुत्र्याचे पंजे उलटून बघत. निवृत्तीनंतर गावी कारवानी कुत्री पाळायला लागलो, तेव्हा हीच सवय कामी आली.

तळवा कशाचा बनलेला असतो

कुत्र्याच्या पंजाखाली प्रत्येक बोटाला एक अशा चार छोट्या गाद्या आणि मध्ये एक मोठी गादी असते. पुढच्या पायाला थोडं वर, मनगटामागे आणखी एक छोटी गादी असते. चालताना ती जमिनीला लागत नाही. पण कुत्रं भरधाव पळताना वळलं किंवा थांबलं की ती जमिनीला घासते. म्हणून पळणाऱ्या कुत्र्यांत ही मनगटाची गादी हमखास सोलवटते, आणि मालक खालचेच पंजे बघत बसतो.

गादीवरची कातडी कुत्र्याच्या अंगावरची सगळ्यांत जाड कातडी. तिचा वरचा थर मेलेल्या, कडक पेशींचा, खरखरीत. त्याखाली जिवंत थर, आणि त्याच्याही खाली चरबीची उशी, जी धक्का झेलते. वरचा थर रोज झिजतो आणि खालून रोज नवा येतो. झीज आणि भर यांचा हिशोब जमला की तळवा निरोगी. झीज जास्त झाली की खालचा गुलाबी, जिवंत थर उघडा पडतो आणि कुत्रं लंगडायला लागतं.

उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणून पुढचे पंजे आधी जातात. त्यात ही कुत्री अंगानं सडपातळ, बोटं लांब, त्यामुळे भार मधल्या दोन बोटांवर जास्त. नखं वाढलेली असली तर बोटांची ठेवणच बदलते आणि भार नको तिथे पडतो.

आणखी एक गोष्ट. मागे लागलेलं शिकारी कुत्रं दुखणं दाखवत नाही. पळण्याच्या तारेत असताना तळवा फाटला तरी ते थांबत नाही. थांबल्यावर, अंग गार पडल्यावर पाय उचलतं. तोवर चार पावलांची जखम चारशे पावलांची झालेली असते. म्हणून त्याच्या चालीवर विसंबू नका. प्रत्येक पळण्यानंतर चारही पंजे हातात घेऊन बघा.

काय काय होऊ शकतं

तुरीची, कापसाची कापलेली खुंटं आणि ज्वारीची धसकटं खिळ्यासारखी घुसतात. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे बोटांच्या बेचक्यात मोडून राहतात. काळ्या रानातली चिकट माती बेचक्यात वाळून तिचा खडा होतो आणि आतून घासत राहतो. माळावरचा मुरूम आणि खडक कातडी सोलतात.

उन्हाळ्यात भाजण्याचा धोका वेगळाच. हवा ३५ अंश असली तरी उन्हातला डांबरी रस्ता सहज ५५-६० अंशांवर जातो. साधी कसोटी अशी: हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं नाही तर कुत्र्यालाही सोसणार नाही.

पावसाळ्याची गोष्ट उलटी. ओल्या फरशीवर, चिखलात राहून तळवा फुगतो, मऊ पडतो. पाऊस उघडला, रान वाळलं की मालक हौसेनं कुत्रं माळावर सोडतो आणि पहिल्याच दिवशी कातडीचे पापुद्रे निघतात.

जखम झाल्यावर पहिला तास

आधी कुत्र्याचं तोंड मऊ पट्टीनं बांधा. दुखत असताना घरचं, मायेचं कुत्रंही चावतं. ते धापा टाकत असेल किंवा उलटी करत असेल तर मात्र तोंड बांधू नका, दुसऱ्या माणसाला डोकं धरायला सांगा.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, निदान पाच मिनिटं, मध्ये उघडून न बघता. तळव्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त खूप येतं. घाबरून जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही तर सरळ डॉक्टरकडे.

रक्त थांबलं की धुवा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ, एवढं पुरतं. सावकाश धार सोडून माती, खडे निघू द्या. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिक्क्या कोऱ्या चहासारखा दिसेल, आणि त्यानं पुन्हा धुवा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेवर नको. ती जिवंत पेशीही जाळतात.

रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल, बॅटरीचं पाणी, चुना, तंबाखू हे सगळे उपाय मी गावोगाव बघितले आहेत. कुत्रं जखम चाटतं, म्हणजे तुम्ही लावाल ते त्याच्या पोटात जातं. तसंच माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचं पोट, मूत्रपिंडं, यकृत यांना इजा होते, जीवही जातो.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? जखम गादीच्या आरपार गेली असेल, आतली चरबी दिसत असेल, काटा किंवा काच खोल असेल, मोठा पापुद्रा लोंबत असेल, वास किंवा पू येत असेल, आळ्या पडल्या असतील. टाके घालायचे तर पहिल्या काही तासांत घातलेले बरे. पाय टेकला की गादी पसरते आणि टाके ताणले जातात, म्हणून तळव्याचे टाके इतर जागेपेक्षा जास्त दिवस ठेवावे लागतात. घरी ब्लेडनं पापुद्रा कापू नका, फेविक्विकनं चिकटवूही नका.

पट्टी बांधण्याची रीत

जखमेवर पॅराफिन गॉज, म्हणजे ते चिकटत नाही. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात थोडा कापूस, नाहीतर घामानं कातडी कुजते. कुत्र्याला घाम येतो तो पंजातच. वर कापसाचा थर, त्यावर क्रेप पट्टी, पंजापासून वरच्या दिशेनं, बेतानं. मधल्या दोन बोटांची नखं बाहेर दिसू द्या. ती एकमेकांपासून फाकायला लागली किंवा बोटं गार लागली तर पट्टी आवळली आहे, ताबडतोब सोडा.

बाहेर नेताना पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी, घरात आलं की पिशवी काढा. पट्टी ओली झाली की बदला. कोरडी असली तरी सुरुवातीला रोज उघडून बघा. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घाला. दोन दिवस कुत्रं रुसतं, मग सवय होते.

खरी चूक इथे होते

वरवरचं सोलवटलेलं आठ-दहा दिवसांत भरलेलं दिसतं. खोल जखमेला तीन-चार आठवडे किंवा जास्त लागतात. पण भरलेली जागा म्हणजे पातळ, गुळगुळीत, गुलाबी कातडी. ती बंद झालेली असते, तयार झालेली नसते.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुणाची कारवानी कुत्री होती. पुढच्या पायाची गादी सोलली, नवव्या दिवशी छान दिसायला लागली, कुत्री उड्या मारायला लागली. त्यानं तिला मोटरसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवलं. नवी कातडी सगळी निघाली, जखमेत घाण गेली, पू झाला. पुढे दोन महिने ती तीन पायांवर होती. लंगडी कुत्री राखणीला उपयोगाची नाही म्हणून घरच्यांनी तिला सोडून यायचं ठरवलं होतं. तिचं नशीब चांगलं, पोरगा आडवा पडला. पण अशी किती कुत्री पायापायी बेवारस होतात, ते हायवेच्या ढाब्यांवर जाऊन बघा.

म्हणून नियम असा: अंगठ्यानं दाबून कुत्रं पाय ओढत नाही, गुलाबी रंग गेला आहे आणि जागा हाताला खरखरीत लागते, या तिन्ही गोष्टी जुळेपर्यंत पळणं बंद.

तळवा टणक कसा करायचा

बरेच जण विचारतात, काय लावायचं? तुरटीचं पाणी, कडक चहाचं पाणी, मिठाचं पाणी, स्पिरिट? यांनी वरचा थर आवळतो आणि सुकतो हे खरं. पण सुकलेला थर लवचीक राहत नाही, तडकतो, आणि भेगेतून पुन्हा जखम सुरू होते. कडक असणं आणि मजबूत असणं यात फरक आहे. उलट रोज खोबरेल तेल चोपडलं तर तळवा मऊ पडतो. भेगा असतील तेवढे दिवस रात्री हलका हात फिरवा, पुढे बंद. मेणाचं मलम पळण्याआधी लावलं तर थोडा आडोसा मिळतो, पण त्यानं तळवा घडत नाही.

तळवा घडवते जमीन. थोडा दाब, थोडं घर्षण, मग विश्रांती, यातून कातडी स्वतःच जाड होते. रिक्रूटला पहिल्याच दिवशी चाळीस किलोमीटर चालवत नाहीत, तसंच हे.

पहिला आठवडा: दोरीवर, मऊ मातीवर, दिवसातून दोनदा दहा मिनिटं चाल.

दुसरा आठवडा: मुरमाच्या वाटेवर पंधरा-वीस मिनिटं.

तिसरा आठवडा: अर्धा तास, त्यात सकाळच्या गार वेळी पाच मिनिटं डांबरी रस्ता.

चौथा आठवडा: दुडकी चाल, आणि मोकळ्या मऊ रानात सरळ रेषेतलं थोडं पळणं.

पाचवा-सहावा आठवडा: वेग आणि वळणं. वळण शेवटी, कारण खरी सोलपट वळताना निघते.

दर दोन दिवसांनी एक दिवस सुट्टी. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर तरी किंवा जमिनीचा कडकपणा तरी. संध्याकाळी पंजे बघा. गुलाबी ठिपका दिसला की एक आठवडा मागे या. पावसाळ्यानंतर निरोगी कुत्र्यालाही याच पायऱ्यांनी न्या. बसायची जागा कोरडी ठेवा, नखं वेळेवर कापा, वजन वाढू देऊ नका. धसकटाच्या रानात सोडायचंच असेल तर कापडी बूट घाला. सायकलच्या ट्यूबचे बूट करत असाल तर पंधरा-वीस मिनिटांत काढा, आत घाम साचतो.

शेवटी एक इशारा. काही न करता चारही तळवे एकदम जाड, टणक, भेगाळलेले झाले, तर खूश होऊ नका. डिस्टेंपरमध्ये असं होतं, अंगातल्या इतर आजारांतही होतं. ओल्या, घाण जागेत राहणाऱ्या कुत्र्याचे तळवे लाल होऊन खाजत असतील तर जमिनीतून शिरणाऱ्या अंकुशकृमींची शंका घ्या. हे मलमांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे.

या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासाठी पाय झिजवले. रोज संध्याकाळी पाच मिनिटं ते पाय हातात घेऊन बघणं एवढंच आपल्याकडे मागणं आहे. पुढच्या भागात नखं आणि तुटलेलं नख यांवर बोलू.

जय हिंद.