तुलना कोणाची, कोणाशी?

एकाच वॉर्डात दाखल झालेले दोन रुग्ण. दोघांच्याही मेंदूत गाठ, विकृतिशास्त्राच्या अहवालात दोघांचे निदान एक, श्रेणीही एक. पहिला दोन वर्षांच्या आत जातो. दुसरा आठ वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दवाखान्यात येतो. असा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी असेल. पूर्वी अशा वेळी ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ असे म्हणून आपण स्वस्थ बसत असू. गेल्या दोन दशकांत या प्रारब्धाचा काही भाग वाचता येऊ लागला आहे आणि तो वाचण्याचे एक साधन घरच्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्या साधनाचा परिचय करून द्यावा व त्याच्या वापरातील धोक्याकडे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्था व राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्था यांनी २००६ साली ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ हा प्रकल्प हाती घेतला. ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११,००० हून अधिक रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदलांची त्यात नोंद झाली. ही माहिती जगभरच्या अभ्यासकांना एका ठिकाणी मिळावी म्हणून जून २०१६ मध्ये शिकागो विद्यापीठात ‘जीनोमिक डेटा कॉमन्स’ हे भांडार सुरू झाले. रुग्णाची ओळख पटू शकेल अशी मूळ जनुकीय माहिती तेथे परवानगीवाचून मिळत नाही. परंतु वय, लिंग, निदान, गाठीतील उत्परिवर्तने आणि रुग्ण किती काळ जगला, या नोंदी सर्वांना खुल्या आहेत.

याच संकेतस्थळावर दोन रुग्णगटांची तुलना करण्याची सोय आहे. आपण हव्या त्या अटी घालून एक गट तयार करावा, अटी बदलून दुसरा करावा आणि दोन्ही समोरासमोर ठेवावेत. किती रुग्ण दोन्ही गटांत सामाईक आहेत हे एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांतून दिसते. वय, लिंग व वंश यांची विभागणी शेजारी-शेजारी मांडली जाते. दोन्ही गटांचे कॅपलान-मायर आलेख एकाच चौकटीत उमटतात व सोबत पी-मूल्यही मिळते. ज्या कामासाठी एकेकाळी जुने केसपेपर चाळण्यात महिने जात, ते काही मिनिटांत होते.

आरंभी उल्लेखिलेल्या मेंदूच्या गाठीचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमाचे ५०० हून अधिक रुग्ण या भांडारात आहेत. त्यांतील आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकांत उत्परिवर्तन असलेल्यांचा एक गट व नसलेल्यांचा दुसरा गट केला, की दोन आलेख झपाट्याने दुभंगतात. २०१५ साली याच प्रकल्पातील २९३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्परिवर्तन नसलेल्यांचा मध्यम जीवितकाल १.७ वर्षे होता. उत्परिवर्तन असून १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गळालेले नसलेल्यांचा ६.३ वर्षे, तर उत्परिवर्तनासह ते दोन्ही भाग गळालेल्यांचा ८ वर्षे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठींत निरनिराळे आजार दडलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली आपल्या वर्गीकरणात ही जनुकीय लक्षणे समाविष्ट केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आयडीएच उत्परिवर्तन असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी शस्त्रक्रियेनंतर द्यावयाच्या व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

परंतु याच तुलनेत वयाच्या स्तंभाकडे नजर टाकली तर मन सावध होते. उत्परिवर्तन असलेला गट तरुण आहे, नसलेला वयस्क. मग आलेखातील अंतर जनुकाचे की वयाचे? ग्लायोमाच्या बाबतीत उत्तर ठाऊक आहे: वयाचा परिणाम वजा करूनही जनुकाचा प्रभाव उरतो. मात्र ते सिद्ध करण्यासाठी वेगळे सांख्यिकी विश्लेषण करावे लागले. पडद्यावरच्या दोन रेषांनी ते सिद्ध होत नाही. एखाद्या नव्या जनुकाबाबत अशी तुलना करताना आधी वय, श्रेणी व अवस्था दोन्ही गटांत सारख्या आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. शंभर जनुके चाळली तर त्यांपैकी चार-पाच निव्वळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ ठरतील, हेही विसरू नये.

गटात कोण आहे याइतकेच, कोण नाही हेही महत्त्वाचे. या प्रकल्पासाठी प्रामुख्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या आणि पूर्वी उपचार न झालेल्या गाठी घेतल्या गेल्या. ज्यांची शस्त्रक्रियाच होऊ शकली नाही असे रुग्ण त्यात फारसे नाहीत. उपचारांच्या नोंदी पुष्कळदा अपुऱ्या आहेत. प्रोस्टेट व थायरॉइडसारख्या कर्करोगांत पाठपुराव्याच्या काळात मृत्यू इतके थोडे झाले, की जीवितकालाच्या आलेखावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय भांडारातील निदाने त्या-त्या काळची आहेत. २०२१ च्या वर्गीकरणानुसार त्या ‘कमी श्रेणीच्या’ ग्लायोमांपैकी काहींना आज ग्लायोब्लास्टोमाच म्हटले जाईल.

आणि सर्वांत मोठी अनुपस्थिती आपल्या रुग्णांची आहे. माळव्यात असो वा गुजरातेत, तंबाखू-गुटख्यामुळे गाल व हिरड्यांच्या खोबणीत होणारा कर्करोग आपण बाह्यरुग्ण विभागात सतत पाहतो. अमेरिकन प्रकल्पाच्या २०१५ सालच्या डोके-मान कर्करोगाच्या अभ्यासात २७९ रुग्ण होते. जीभ, घसा, स्वरयंत्र अशा निरनिराळ्या जागांच्या गाठी त्यात एकत्र होत्या आणि बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे होते. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या रुग्णाचे भवितव्य त्या आलेखावरून कसे वर्तवावे? खारघर येथील ॲक्ट्रेक व कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली गाल-हिरड्यांच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३, कॅस्प८, नॉच१ ही परिचित नावे आढळलीच. परंतु यूएसपी९एक्स व एआरआयडी२ यांसारखी, या आजारात पूर्वी न नोंदलेली जनुकेही पुढे आली. आपल्या रुग्णांकडे पाहिले म्हणूनच ती दिसली.

या दिशेने पावले पडत आहेत. पुण्याच्या ‘इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रतिष्ठानाने २०२४ साली स्तनकर्करोगाच्या ५० रुग्णांच्या माहितीपासून आपले संकेतस्थळ सुरू केले. आयआयटी मद्रासने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्तनकर्करोगाचीच भारतीय जनुकीय माहिती खुली केली. ही सुरुवात आहे; आकडा अजून लहान आहे.

यात आपल्यासारख्या गावोगावच्या वैद्यांचा काय वाटा? जनुकांची तपासणी मोठ्या प्रयोगशाळा करतील. परंतु गाठ नेमकी गालाची की हिरडीची, रुग्ण तंबाखू किती वर्षे खातो, उपचार पूर्ण झाले की अर्धवट सुटले, आणि दोन वर्षांनी तो हयात आहे का, या नोंदी आपल्याच केसपेपरवर लिहिल्या जातात किंवा लिहायच्या राहून जातात. पाठपुराव्याचा एक फोन राहिला, की आलेखातील एक बिंदू कायमचा हरवतो.

‘डॉक्टर, आमच्या माणसाला किती दिवस?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात, तेव्हा पडद्यावरचा आलेख दाखवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्या क्षणी आपण स्वतःला एकच विचारावे: या रेषेत माझ्या रुग्णासारखे किती जण आहेत?