धडधाकटांचा हप्ता

2014 सालापूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत स्वतःच्या खिशातून आरोग्य विमा घ्यायचा, तर आधी लांबलचक अर्ज भरावा लागे. मधुमेह आहे का, कर्करोग होऊन गेला का, वजन किती, औषधं कोणती चालू आहेत. उत्तरं वाचून कंपनी ठरवी: पॉलिसी द्यायची, वाढीव हप्त्याने द्यायची, नेमका तोच आजार वगळून द्यायची, की अर्ज परत पाठवायचा. गरोदर बाईला बहुतेक ठिकाणी सरळ नकार मिळे. आरोग्य धोरणांचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने 2016 मध्ये हिशोब मांडला, तेव्हा 65 वर्षांखालच्या प्रौढांपैकी 27 टक्के, म्हणजे सुमारे 5 कोटी 20 लाख माणसं, या जुन्या पद्धतीत नाकारली गेली असती असं दिसलं.

पॉलिसी हातात पडली म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. मोठा क्लेम आला की काही कंपन्या जुना अर्ज बाहेर काढत आणि एखादी न सांगितलेली तक्रार शोधून पॉलिसीच रद्द करत. 2009 साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली. तीन बड्या कंपन्यांनी पाच वर्षांत जवळपास 20 हजार पॉलिसी अशा रद्द केल्या होत्या आणि त्यातून 30 कोटी डॉलर वाचवले होते.

हा सगळा दुष्टपणाच होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यामागचं गणित पाहायला हवं. अमेरिकेत वैद्यकीय उपचारांवर होणाऱ्या एकूण खर्चापैकी जवळपास निम्मा खर्च पाच टक्के लोकांवर होतो. उलट लोकसंख्येच्या निरोगी अर्ध्या भागावर मिळून जेमतेम तीन टक्के. म्हणजे विमा कंपनीला नफा हवा असेल, तर कार्यक्षमता वगैरे वाढवण्यापेक्षा त्या पाच टक्क्यांना दारात उभं न करणं कितीतरी फायद्याचं. आणि एखाद्या कंपनीने एकटीनेच मोठं मन दाखवलं, तर शहरातले सगळे आजारी तिच्याकडे येणार आणि ती बुडणार. सगळ्यांवर एकदम लागू होणाऱ्या कायद्याशिवाय ही गाठ सुटत नाही.

बहुसंख्य अमेरिकनांना याची झळ लागत नव्हती, हे राजकारणाच्या दृष्टीने महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. मग माणसं टिकवण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले आणि पुढे त्यावर करसवलत पक्की झाली. म्हातारे आणि गरीब यांच्यासाठी 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आलं. मधे उरले ते शेतकरी, छोटे दुकानदार, टॅक्सीवाले, नोकरी सुटलेले. घरात कुणी आजारी असलं, की केवळ विम्यासाठी नावडती नोकरी धरून बसणारेही पुष्कळ होते.

एका आजाराचा मात्र अपवाद झाला. 1971 साली प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर एका मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रत्यक्ष डायलिसिस लावून दाखवण्यात आलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ सर्व रुग्णांना, वय न पाहता, मेडिकेअरचं छत्र मिळालं. समितीच्या खोलीत ज्यांना यंत्र नेता आलं नाही, ते बाकीचे आजारी थांबले ते आणखी चार दशकं.

मधल्या काळात काही राज्यांनी प्रयोग केले. न्यूयॉर्कने 1993 पासून कंपन्यांना बजावलं की कुणालाही नाकारायचं नाही आणि हप्ता सगळ्यांना सारखा. ऐकायला छानच. पण निरोगी माणसाने विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणणं हा आपल्याकडे मूर्खपणा मानतात. या नियमाखाली मात्र तोच शहाणपणा ठरला. आजारी पडल्यावर विमा मिळणारच आहे, तर आधीपासून हप्ते कशाला भरा? धडधाकट माणसं बाहेर पडली, हप्ते चढले, मग उरलेल्यांतलेही धडधाकट निघून गेले.

यावरचा तोडगा गंमत म्हणजे उजवीकडून आला. हेरिटेज फाउंडेशन या परंपरावादी संस्थेने 1989 मध्ये सक्तीच्या विम्याची कल्पना मांडली होती. 2006 साली मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती अमलात आणली: कंपनीने कुणाला नाकारायचं नाही, नागरिकाने विम्याबाहेर राहायचं नाही, आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकारने मदत करायची. बराक ओबामा यांनी 23 मार्च 2010 रोजी सही केली तो कायदा याच तीन कलमांवर उभा होता. तेव्हा मात्र रिपब्लिकन पक्षाने आपलंच अपत्य ओळखायला नकार दिला. संसदेत त्यांचं एकही मत अंतिम कायद्याला पडलं नाही.

नवे नियम 1 जानेवारी 2014 पासून लागू झाले. आजार विचारून हप्ता ठरवणं बंद. वयाप्रमाणे फरक करता येतो, पण वयस्कर प्रौढाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून जास्त नाही. विमा न घेणाऱ्याला दंड, 2016 मध्ये माणशी 695 डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. विरोधकांची तक्रार पोकळ नव्हती. पंचविशीतला, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला मुलगा आपल्या खर्चाच्या मानाने जास्त भरतो, हे खरंच आहे. सध्याची पॉलिसी आवडत असेल तर ती ठेवता येईल, हे ओबामांचं आश्वासनही 2013 च्या शेवटी खोटं ठरलं. नव्या नियमांत न बसणाऱ्या पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं लाखो लोकांना आली.

कायद्याचा एक भाग लोकांना हवाहवासा, दुसरा नकोसा. त्यामुळे पुढचं सगळं राजकारण एकच करत राहिलं: गोड भाग ठेवू, कडू टाकू. 2017 मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात 217 विरुद्ध 213 मतांनी जे विधेयक मंजूर केलं, त्यात राज्यांना आजारानुसार हप्ता ठरवण्याची मुभा होती, फक्त ज्यांच्या विम्यात खंड पडला त्यांच्यापुरती. त्यांच्यासाठी वेगळा निधी, त्यात शेवटच्या क्षणी 8 अब्ज डॉलरची भर. आजाऱ्यांची वेगळी रांग करायची ही कल्पना नवी नव्हती. जुन्या काळात 35 राज्यांनी असे गट चालवले होते. त्यांत 2011 अखेर सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होती. हप्ते भारी, पैसा अपुरा. आजारी माणसांची वेगळी रांग केली की तिच्यासाठी दरवर्षी तिजोरीतून पैसे मागावे लागतात, आणि त्या रांगेची मतं फार नसतात.

अलाबामाचे खासदार मो ब्रुक्स यांनी त्या दिवसांत, नीट राहणाऱ्या निरोगी माणसांचा हप्ता यामुळे कमी होईल, असा युक्तिवाद केला. पुष्कळांच्या मनातलंच ते बोलले. त्याच आठवड्यात टीव्हीवरचे विनोदी निवेदक जिमी किमेल यांनी हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या आपल्या तान्ह्या मुलाची हकिकत रडत सांगितली होती. त्या बाळाने काय नीट राहायचं होतं, या प्रश्नाला ब्रुक्सांच्या युक्तिवादात जागा नव्हती. जुलैअखेर सिनेटमध्ये निरसनाचं उरलंसुरलं विधेयक 49 विरुद्ध 51 मतांनी पडलं. निर्णायक मत देणारे जॉन मॅकेन यांना त्याच महिन्यात मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालं होतं.

मग भूमिका बदलल्या, निदान भाषणांपुरत्या. 2018 च्या निवडणुकीत मिसुरीचे रिपब्लिकन उमेदवार जॉश हॉली यांनी जाहिरातीत आपल्या आजारी मुलाचा उल्लेख करून सांगितलं की जुन्या आजारांना संरक्षण हवंच. त्याच वेळी राज्याचे महाधिवक्ता म्हणून ते संपूर्ण कायदा रद्द करा म्हणणाऱ्या खटल्यात सामील होते. ते निवडून आले. खटला 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निकालात काढला.

दरम्यान दंड 2019 पासून शून्य झाला होता, आणि न्यूयॉर्कसारखी पडझड होईल हे भाकीत खरं ठरलं नाही. बाजार टिकला, कारण छडी गेली तरी खाऊ शाबूत होता. सरकारी मदत उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे धडधाकट माणसालाही विमा घेणं परवडत होतं. 2021 मध्ये ती मदत वाढवली आणि 2025 पर्यंत या बाजारात विमा घेणारे दोन कोटी चाळीस लाखांवर गेले. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही याचा उपयोग होतो. ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअरसाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. तोवर या बाजारात पॉलिसी मिळते आणि गोळ्यांची यादी कुणी विचारत नाही. इथे पुण्या-मुंबईत मेडिक्लेम घेताना आजही ती विचारली जाते. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त किती थांबवायचं, ती मुदत विमा नियामकाने 2024 मध्ये 48 महिन्यांवरून 36 वर आणली, एवढंच.

त्यामुळे आजाऱ्यांना संरक्षण देऊ असं कुणी म्हणालं, की ते वाक्य सोडून द्यावं आणि त्या माणसाने निरोग्यांचा हप्ता कुठून आणायचा ठरवलंय ते पाहावं. वाढीव मदतीची मुदत 2025 च्या शेवटी संपणार होती. तिच्यासाठी डेमोक्रॅट अडून बसले आणि 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस अमेरिकी सरकारचा कारभार ठप्प झाला. 11 डिसेंबरला सिनेटपुढे दोन प्रस्ताव आले. डेमोक्रॅटांचा होता मदत तीन वर्षं वाढवण्याचा. रिपब्लिकनांचा होता स्वस्त पॉलिसी घेणाऱ्यांच्या आरोग्य बचत खात्यात वर्षाला हजार ते दीड हजार डॉलर टाकण्याचा. तिशीतल्या निरोगी माणसाला तेवढ्यात वर्ष आरामात काढता येईल. पण या स्वस्त ब्रॉन्झ पॉलिसींमध्ये विमा सुरू होण्याआधी सरासरी सात हजारांहून जास्त डॉलर स्वतः भरावे लागतात, त्यामुळे केमोथेरपी चालू असलेला माणूस महागड्या पॉलिसीतच राहणार आणि पुन्हा आपल्यासारख्याच आजाऱ्यांच्या रांगेत उभा राहणार. दोन्ही प्रस्ताव पडले. 31 डिसेंबरला मदतीची मुदत संपली, आणि धडधाकट गिऱ्हाइकं गळतील हे गृहीत धरून अनेक कंपन्यांनी 2026 चे हप्ते आधीच चढवून ठेवले होते.