आज सभा लेकरांची!

आपल्या शहरातली पालकसभा तुमच्या परिचयाची आहेच. बाई बोलतात, आई मान डोलावते, वडील घड्याळ पाहतात. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे, ते चिरंजीव बुटाच्या टोकाने फरशी उकरीत उभे! कोर्टात आरोपीलासुद्धा बोलू देतात हो, याला नाही.

अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी ही रीत उलटी केली आहे. तिथे विद्यार्थीच आईबापांना समोर बसवतो, आपले काम दाखवतो, काय जमले नि काय राहिले ते सांगतो. शिक्षक बाजूला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, मुलाने स्वतः केलेले मूल्यमापन प्रगतिपुस्तकात असावे, असे म्हटले आहे. हे वाचले तेव्हा मी मनात म्हटले, ही सारी भरल्या पोटाची थेरं! पुढे बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या एका छोट्या शाळेत दसऱ्याच्या सुमारास तोच प्रकार पाहिला, आणि माझे शब्द मुकाट्याने मागे घेतले.

दसरा इकडे कसा असतो ते आधी सांगायला हवे. बालाघाटच्या डोंगरातली कोरडवाहू जमीन. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात. नवरा-बायको दोघे मिळून हिशेबात ‘एक कोयता’. परत येणे मार्च-एप्रिलात. आपण फराळाची ताटे मांडतो तेव्हा यातली कितीतरी लेकरे फडाजवळच्या खोपीत असतात. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण हवीच, म्हणून तीही जाते. मागे राहणाऱ्यांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली. पण मूल मागे ठेवायचे की नाही, हे ठरते घरात.

म्हणून त्या शाळेतले गुरुजी टोळ्या निघण्याआधीच सभा घेतात, आणि स्वतः बोलत नाहीत. मी कारण विचारले. म्हणाले, “मुकादमाच्या उचलीपुढं माझं कोण ऐकणार? लेकराचं निदान ऐकून तरी घेतात.”

सहावीतली एक मुलगी सतरंजीवर वह्या मांडून बसली होती. समोर आई, मांडीवर तान्हे, वडील उंबऱ्याशी. पोरगी आधी चाचरली. मग कविता म्हटली, भागाकार करून दाखवला. बापाचा चेहरा फुलला. तोच तिने दुसरी वही पुढे सरकवली.

“दादा, ह्ये अपूर्णांक मला येत न्हाईत.”

“का गं?”

“ह्ये शिकवलं तवा आपण फडावर व्हतो.”

पाने उलटत ती दाखवीत गेली. कोरी जागा दिसली की तेवढेच सांगे, “हितं बी फडावर.” गुरुजींनी हेच हजेरीपटावरून वाचले असते, तर त्याला तक्रारीचा वास आला असता. इथे नुसती वही होती.

आईने विचारले, “मग ह्या बारक्याला कोण बघंल?”

याला पोरीपाशी उत्तर नव्हते. तिने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. मला राहवेना, पण मीही गप्प राहिलो. माझ्यापाशी तरी कुठे उत्तर होते?

बऱ्याच वेळाने बाप म्हणाला, “म्हातारी सांभाळंल का तुला?”

“मीच सांभाळते की आज्जीला!”

उंबऱ्यावर हशा पिकला. आई मात्र हसली नाही. तिने तान्ह्याला या मांडीवरून त्या मांडीवर घेतले नि म्हणाली, “बघते मी ह्याचं. पाचटात झोळी बांधीन.” मग गुरुजींकडे वळून, “पुढची सभा कवा?”

“जानेवारीत.”

“तवा आम्ही कुठं हितं?”

“मी फोनवर सांगंल ना,” पोरगी म्हणाली. “वही समोर घिऊन.”

“रातच्याला कर,” आई म्हणाली. “दिवसा फडात फोन घेता येत न्हाई.”