बग सापडला? ग्रुपवर नको, ट्रॅकरवर टाका!

समजा, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याजवळ एक गाळा घेऊन तुम्ही चौघा मित्रांनी कंपनी काढलीय. डहाणूच्या चिकू बागायतदारांसाठी ऑर्डर घेणारं अ‍ॅप बनवताय. एका बागायतदाराचा फोन येतो, ‘एकाच ऑर्डरची दोन बिलं निघतायत.’ कुणीतरी ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं, त्यावर चार मीम्स पडतात आणि तक्रार गायब! पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन, या वेळी आवाज चढलेला. गिऱ्हाईक हातचं गेलंच समजा.

म्हणून बग ट्रॅकर हवा. प्रत्येक चुकीला एक नंबर, ती दुरुस्त करणारा एक माणूस आणि ‘झालं की नाही’ याचं उत्तर. फुकटात पर्याय आहेत. १९९८ पासूनचं बगझिला दणकट, पण फॉर्म लांबलचक. मँटिस पीएचपीवर चालतं, म्हणून साध्या होस्टिंगवरही बसतं. रेडमाइनमध्ये कामाचं वेळापत्रकही मांडता येतं. तिन्ही ओपन सोर्स. पण सर्व्हरचं भाडं, अपडेट आणि बॅकअप तुमच्याच गळ्यात. तेवढा व्याप नको असेल आणि कोड गिटहबवर असेल, तर तिथलं ‘इश्यूज’ पुरे.

निवडण्याआधी दोन गोष्टी बघा. उद्या ट्रॅकर बदलायचा ठरला, तर सगळ्या नोंदी बाहेर काढता येतील का? आणि फोन उचलणारा, कोडिंग न येणारा मित्रही दोन मिनिटांत तक्रार नोंदवू शकेल का? त्यालाच आठवडाभर वापरायला द्या. त्यानं कंटाळून पुन्हा ग्रुप उघडला, तर दुसरा ट्रॅकर शोधा!