नोटेच्या पाठीवरचा माणूस

रिझर्व्ह बँकेच्या महात्मा गांधी मालिकेला यंदा तीस वर्षं होत आहेत आणि नोटबंदीला येत्या नोव्हेंबरात दहा. नोटबंदीच्या रांगांवर, आकड्यांवर, नफ्यातोट्यावर भरपूर लिहून झालं. नोटांच्या पाठीवर जे घडलं त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर नोटा मोजण्यात गेली, म्हणून मला ते सलतं.

खिशातल्या नोटा उलट्या करून पाहा. दहाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसच्या वेरूळची लेणी, पन्नासच्या हंपीचा दगडी रथ, शंभरच्या पाटणची राणी की वाव, दोनशेच्या सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या लाल किल्ला. यातली सर्वांत अलीकडची वास्तू लाल किल्ला, तीही सतराव्या शतकातली. वेरूळ नोटेवर आलं तेव्हा मराठी माणूस म्हणून माझाही ऊर भरून आला. पण सहाही नोटा पालथ्या घातल्या तरी गेल्या साडेतीनशे वर्षांत या देशात कुणी काही उभारल्याची खूण सापडत नाही.

हे असं नव्हतं. १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवरून सहावा जॉर्ज गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याआधी बादशहाच्या नोटांवर सही होती ती आपल्या चिंतामणराव देशमुखांची, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरची. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारी नोकरीत घडलेला हा माणूस. पुढे नोटांवर हिंदीला ठळक जागा मिळाली, साठीच्या दशकातल्या ओढगस्तीत नोटांचा आकार लहान झाला. तो काळ माझ्या आठवणीतला नाही, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

१९६९ जवळ मात्र थांबावंच लागतं. गांधी जन्मशताब्दीच्या त्या वर्षी दोन, पाच, दहा आणि शंभराच्या खास नोटा निघाल्या. त्यांवर बसलेले गांधीजी होते आणि त्यांच्यामागे सेवाग्राम आश्रम. नागपूरहून दोन तासांच्या अंतरावरचं आमचं सेवाग्राम! मातीच्या भिंती, बांबू आणि गावठी कौलं यांची ती वस्ती देशाच्या चलनावर आली. राजवाडा नाही, देऊळ नाही, किल्ला नाही. माणसं राहतात, सूत काततात, झाडलोट करतात असं ठिकाण. गांधींचा चेहरा तर आज रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर आहे. पण गांधी कुठे आणि कसे राहत होते, हे सांगणारी नोट तीच.

मी नोकरीला लागलो तो सत्तरीच्या दशकाचा शेवट. पुढची दहा वर्षं वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या शाखांत काढली. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस होते. चुकाऱ्याचे चेक घेऊन शेतकरी सकाळपासून ओट्यावर बसलेले असत. आम्ही ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजायचो, नोटेच्या कोऱ्या भागावर पेनानं आकडा लिहायचो, गड्डीला पिन मारायचो. पुढे रिझर्व्ह बँकेनं दोन्ही गोष्टींना मनाई केली, ते योग्यच झालं.

त्या काळच्या नोटा पाहा. पाचच्या नोटेवर शेतकरी ट्रॅक्टरनं नांगरतोय आणि मागे सूर्य उगवतोय. दोनच्या नोटेवर आर्यभट्ट, १९७५ मध्ये अवकाशात गेलेला आपला पहिला उपग्रह. शंभरावर हिराकूडचं धरण. एक रुपयावर ‘सागर सम्राट’, मुंबईच्या समुद्रात तेल शोधणारा फलाट. जोडीला दहावर मोर आणि वीसवर कोणार्कचं चक्र होतंच. म्हणजे कालची कला होती आणि आजचं कामही होतं. दोन्ही एकाच खिशात सुखानं नांदत होते.

ती चित्रं लोक निरखून पाहत. दोनची नोट पुढे धरून एखादा म्हातारा विचारी, ‘‘हे काय होय साहेब?’’ उपग्रह म्हणजे काय, तो आपल्याच माणसांनी कसा बनवला, हे खिडकीच्या जाळीतून सांगावं लागे. मागची रांग तुंबे, तरी कुणी कुरकुर करत नसे. सगळे ऐकत असत. ट्रॅक्टर त्यांतल्या फार थोड्यांकडे होता. पण नांगरणारा माणूस देशाच्या पैशावर आहे, हे त्यांना कळत होतं. चलनावरच्या चिन्हाचा अर्थ मी तिथे शिकलो. नोट हातात धरणाऱ्याला तिच्यात आपली जागा दिसली, तर ते चिन्ह जिवंत.

१९९४-९५ च्या सुमारास एक, दोन आणि पाचच्या नोटांची छपाई थांबली. छपाईचा खर्च परवडेना, नाणी बरी, हा हिशेब मला पटतो. १९९६ पासून रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नव्या नोटांवर गांधीजी येऊ लागले, तेही समजू शकतो. खोट्या नोटेत चेहऱ्यातली चूक चटकन ध्यानात येते. पण पाठ तेव्हाही मोकळी होती. दहावर गेंडा, हत्ती, वाघ, शंभरावर कांचनगंगा, पाचशेवर दांडीयात्रा. पुढे आलेल्या हजाराच्या नोटेवर शेत, तेलविहीर आणि संगणकासमोर बसलेली मुलगीही होती.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ती हजाराची नोट रद्द झाली. तिच्याबरोबर ती मुलगीही गेली, आणि याची कुणी दखल घेतली नाही. दोन हजारांच्या नोटेवर मंगळयान आलं. आनंद वाटावा अशी गोष्ट! पण वाहिन्यांवर चर्चा नोटेत चिप आहे की नाही याची. लोक नोट दिव्यासमोर धरून नसलेली चिप शोधत होते आणि छापलेलं मंगळयान कुणाला दिसत नव्हतं. १९ मे २०२३ रोजी ती नोटही मागे घेण्याची घोषणा झाली. आता ‘सागर सम्राट’ उरलं आहे ते सरकारनं पुन्हा काढलेल्या एक रुपयाच्या नोटेवर, जी लग्नाच्या अहेरापलीकडे फारशी दिसत नाही.

नव्या नोटांच्या पाठीवर राहिला तो गांधींचा चष्मा, स्वच्छ भारत मोहिमेच्या घोषवाक्यासह. मोहीम चांगली आहे. पण सरकारी मोहिमा येतात-जातात. त्यांची जाहिरात देशाच्या नोटेवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सेवाग्रामच्या त्या नोटेत झाडलोट करणाऱ्या हातांचं घर होतं, त्याला घोषवाक्याची गरज पडली नव्हती.

वाद होतात ते दर्शनी बाजूवरून. देवदेवतांची चित्रं छापा, अमक्या नेत्याचा चेहरा छापा, अशा मागण्या दर काही वर्षांनी उठतात. नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांच्या चित्राची मागणी होते, तिच्यामागे मला वजन दिसतं. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा दुसरा राष्ट्रपुरुष आपल्याकडे नाही. पण या भांडणात पाठीकडे कुणाचं लक्षच जात नाही. आता तर भाजीवालीपासून पानठेल्यापर्यंत सगळीकडे स्कॅनर आहे. नोट हातात येते तीच क्वचित, म्हणून तर ती जेव्हा येईल तेव्हा तिनं काही सांगावं.

नोटेचं रूप रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवतं, असं कायदाच सांगतो. तेव्हा मागणी त्या दोघांकडेच आहे. पुढची मालिका काढाल तेव्हा निदान एका नोटेची पाठ कष्टणाऱ्या माणसाला द्या. कापूस वेचणारी बाई असू द्या, प्रयोगशाळेतली मुलगी असू द्या, नाहीतर पुन्हा एकदा सेवाग्राम असू द्या. आणि वाचकांनो, कपाटात दोनची किंवा पाचची जुनी नोट असेल तर ती नातवंडांना दाखवा आणि पाठीवर काय आहे ते समजावून सांगा. ते चित्र कोणाचं होतं हे त्यांना कळलं, तरच ते परत मागणारं कुणी उरेल.